नजरेचं माप

सदरा डोक्यातून उतरला, खांद्यांवर आला आणि तिथंच अडकला. दोन्ही हात वर, कोपरापर्यंत बाह्यांत गेलेले, डोकं आत, तोंडावर पांढरं कापड. धर्मपालनं श्वास सोडला, पोट आत ओढलं, जणू सगळा दोष पोटाचाच होता; पण सदरा ना खाली येईना ना वर जाईना. जोर लावावा तर बगलेतली शिवण करकरायची. आणि ही शिवण उसवली तर काय उत्तर देणार, या भीतीनं तो पुन्हा ढिला पडायचा. एप्रिलचा रविवार, अकोल्याचं ऊन सकाळीच खिडकीच्या गजांवर तापलेलं, कूलरमध्ये पाणी टाकायचं राहिलेलं, त्यामुळे नुसती गरम हवा पाठीवर येत होती. कृषी खात्यातला कार्यालय अधीक्षक, वर्षा-दोन वर्षांत निवृत्त होणारा माणूस, स्वतःच्या बेडरूममध्ये हात वर करून उभा. स्वयंपाकघरात प्रियदर्शनी होती, तिला हाक मारली असती तर ती आली असती, पण हाक मारवेना. लाज कशाची वाटत होती हे त्याला नीट कळलं नाही. आत उजेड होता, दुधासारखा, सगळीकडून सारखा. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास, त्याखाली मशीनच्या तेलाचा, आणि त्याच्याही खाली मायच्या पेटीतला, कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा. या वासात त्याला दरवर्षी बरं वाटायचं. आज नाकावरच कापड बसल्यामुळे तो वास संपतच नव्हता. आणि तेवढ्यात पलंगावरचा फोन वाजायला लागला.

कोणाचा फोन ते त्याला आतूनच कळलं. दरवर्षी सदरा पोचला की दुसऱ्या दिवशी हा फोन यायचा. प्रियदर्शनी हात पुसत आली, दारात थबकली, तिला हसू आलं असणार, कारण क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग तिनं फोन उचलला आणि तिच्या सवयीप्रमाणे स्पीकरवर लावला.

‘प्रियदर्शनी, बसला काय वं सदरा धर्मपालले?’

‘हो आई, एकदम बरोबर बसला,’ प्रियदर्शनी म्हणाली. ‘घालूनच उभे आहेत.’

‘बसनच. मी सांगतलं होतं अनुपले. त्याले म्हना, जयंतीले घालूनच येजो.’

‘सांगते आई.’

कापडाच्या आत धर्मपालचं तोंड हलकेच हललं, ‘बरोबर बसला’ म्हणण्यासाठी. इतकी ती सवय होती. मग प्रियदर्शनीनं त्याला पलंगावर बसवलं, खालून सदरा धरला, लहान लेकराचा काढतात तसा वर ओढला, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. ती म्हणाली, ‘सुटले तुम्ही या वर्षी फारच. मी म्हणत होती, रात्रीचा भात सोडा.’ धर्मपाल सदरा उलटाचा सुलटा करून मांडीवर घेऊन बसला.

हा सदरा चौदा एप्रिलचा. त्याच्या घरात जयंतीचे पांढरे कपडे बाजारातून येत नाहीत. दिवाळी-दसऱ्याला कोणी काय घ्यावं, लग्नाकार्यात कोणी काय नेसावं, यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण जयंतीला अंगावर घालायचं ते घरच्या माणसानं शिवलेलं, आणि तेही मापाची टेप न लावता. ही रीत त्याच्या बापाच्या आईनं, माणिकबाईनं घातली. अमरावतीजवळच्या वलगावात, त्यांच्या मूळ गावी, तेव्हा जो शिंपी होता तो या लोकांच्या अंगाला हात लावत नसे. ओट्यावरून खाली बघायचा, अंगणात उभ्या केलेल्या माणसावर एक नजर टाकायचा, टेप गळ्यातच, आणि म्हणायचा, जा. कपडे मग तसेच व्हायचे, एक तर पोत्यासारखे नाहीतर बगलेत काचणारे. छप्पन साली नागपूरला जायचं ठरलं, पांढरे कपडे घालून या असा निरोप गावागावांत आला, तेव्हा माणिकबाई म्हणाली होती म्हणे, ‘नजरेनंच माप घ्याचं हाय तं मंग आपल्या मानसाच्या नजरेनं घेऊ.’ तिनं मांजरपाटाचं कापड आणून, हातानं टाके घालून घरातल्या सगळ्यांचे कपडे शिवले. ते कसे बसले होते हे आता सांगायला कोणी उरलेलं नाही, पण घरात सांगितलं जाई की असे बसले, असे बसले की नागपुरात लोक विचारत होते, कोणत्या गावचा शिंपी. धर्मपालची माय, मैना, लग्न होऊन आली ती हे ऐकतच आली. तिनं पायडलचं मशीन शिकून घेतलं, पण टेप काही घरात येऊ दिली नाही. जयंतीच्या सकाळी ती सगळ्यांना ओळीनं भिंतीशी उभं करायची. एकेकाकडे बघायची. ‘बसला?’ ‘बसला.’ पुढचा. हे नुसतं विचारणं नव्हतं, बुद्धवंदनेच्याही आधीची वंदना होती ती. कोणाची छाती होती नाही म्हणायची?

आणि खरं सांगायचं तर पुष्कळ वर्षं सदरे बसतही होते. मायची नजर खरंच तशी होती. बाजारातून येताना पुढून चालणाऱ्या अनोळखी माणसाकडे पाहून ती म्हणायची, याचा डावा खांदा उतरेल हाय, आणि हाय म्हणजे असायचाच. बाप शेषराव रेल्वेत गँगमन, घण मारून मारून उजवा दंड जाड झालेला. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही ती न बोलता सैल ठेवायची. धर्मपालला आठवलं, शाळेत असताना तो तिच्यासमोरून जायला बिचकायचा. तिची नजर अंगावरून फिरली की आपलं आत काय चाललंय तेही तिला दिसतं असं वाटायचं. एकदा बिडी ओढून आला होता, ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली होती, ‘खांदे कावून चोरून राहिला?’ असल्या बाईला चुकलीस म्हणून कोण सांगणार? म्हणून लग्नानंतर कधीतरी, नक्की कधी ते आठवत नाही, पहिल्यांदा सदरा पोटावर ओढला गेला तेव्हा धर्मपालला वाटलं, चुकलो ते आपण. सदरा बरोबर आहे, अंग चुकलं. गोरक्षण रोडच्या कोपऱ्यावर एक टेलर होता, त्याच्याकडे तो संध्याकाळी पिशवी घेऊन गेला, जसं काही चोरीचा माल विकायला आलाय. मायनं शिवणीच्या आत जादा कापड भरपूर सोडलेलं असायचं. टेलरनं बाजूच्या शिवणी उसवल्या, बोटभर सैल केल्या, इस्त्री केली. जयंतीला भिंतीशी उभा राहून तो म्हणाला, बसला. माय हसली. पुढल्या वर्षी पुन्हा गेला. मग ते जयंतीच्या तयारीतलंच एक काम होऊन गेलं, नीळ आणणं, पंचशील झेंड्याची काठी शोधणं, सदरा सैल करून आणणं.

पण आजचा सदरा तसा नव्हता. त्यानं तो पलंगावर पसरला, शेजारी गेल्या वर्षीचा पसरला. शिवण सरळ, एकही टाका लांबला नव्हता. काजं तर अशी की बोट फिरवावं. बटणपट्टीचं टोक तसंच किंचित गोल, जसं ती नेहमी करते. सदऱ्यात काही म्हणता काही चूक नव्हती. फक्त तो दुसऱ्याच माणसाचा होता. छाती एवढीशी, खांदे अरुंद, बाह्या मात्र लांब. वाढत्या वयाच्या, हाडं पुढं गेलेल्या आणि मांस मागे राहिलेल्या पोराच्या असतात तशा. प्रियदर्शनी म्हणाली, ‘अनुपच्या सागरचा आला असेल बदलून.’ सागर, धाकट्या भावाचा, अनुपचा मुलगा, चांगला आडव्या अंगाचा, व्यायामशाळेत जाणारा. त्याला हा सदरा दंडातही गेला नसता. धर्मपालला तो पोरगा कोण ते कळलं होतं. कृषी विद्यापीठात बी.एस्सी.ला आला तेव्हा तो स्वतःच असा होता. होस्टेलवरची पोरं त्याला तुराटी, तुरीची वाळली काडी, म्हणायची. शनिवारी दुपारची एसटी पकडायची, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, घरी पोचेपर्यंत दिवे लागायचे, आणि माय दारातच उभी राहून बघायची, मेसवाला खायले देते का नाही रे? तो सदरा त्या पोराच्या अंगाला अगदी बरोबर बसला असता. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. मायची नजर चुकलेली नव्हती. ती फक्त दुसरीकडे बघत होती. हे त्याला एकदम कळलं. तो प्रियदर्शनीला म्हणाला, ‘भात सोडतो उद्यापासून.’

दुपारी त्यानं शकुनला फोन केला. शकुन त्याच्या पाठची, अचलपुरात नर्स होती, आता घरीच असते. तिच्यासाठी दरवर्षी पांढऱ्या साडीवरचा झंपर यायचा. त्याला विचारायचं होतं एक आणि तो विचारत राहिला ऊन किती, लाईट जाते काय. शेवटी म्हणाला, ‘झंपर आला?’

‘आला.’

‘बसला?’

धर्मपालनं तिचं नाव घेतलं. ती म्हणाली, ‘दादा, तुले खरं सांगू? मले तं कईपासूनच नाही बसत. मी इथं एका बाईकडून उसवून घेतो. मायले सांगशीन नको.’

‘कईपासून म्हंजे?’

‘मले काय मालूम. मले वाटलं मीच जाडी झाली. ऑपरेशन झालं ना माह्यं, तवापासून वाटते. का त्याच्या आंदी? या वर्षीचा तं हाती धरालेबी भेव वाटते. बाहुलीचा असल्यासारखा हाय.’ मग ती म्हणाली, ‘तुले बसते ना पण?’

‘मीबी उसवून घेतो,’ धर्मपाल म्हणाला.

मग शकुन हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फिरला. अनुपचंही तेच निघालं. अनुप अमरावतीला मायसोबतच राहतो, त्याची बायको आरती राजापेठेतल्या एका टेलरकडे गुपचूप देऊन यायची. आरती म्हणाली, ‘भाऊजी, मला वाटलं फक्त आमचेच चुकतात. सोबत राहतो म्हणून लक्ष राहत नसेल आईंचं.’ म्हणजे बाप गेल्यापासून, कदाचित बाप असतानाही, एका घरातली सगळी माणसं जयंतीच्या आधी आपापल्या गावी, आपापल्या टेलरकडे, एकमेकांपासून लपवून, एकाच बाईचे टाके उसवत होती. आणि जयंतीला भिंतीशी ओळीनं उभी राहून म्हणत होती, बसला. चांगली माणसं सगळी. धर्मपालला हसावं की काय करावं कळेना. त्याला बापाची शेवटची जयंती आठवली. दुखण्यानं बाप अर्धा राहिला होता, सदरा अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता, आणि बापानं छाती पुढं काढून म्हटलं होतं, ‘मैने, असा बसला जसा अंगावरच विनला.’ तेव्हा पोरांनी तोंडं फिरवून घेतली होती. ते प्रेम होतं याबद्दल धर्मपालला आजही शंका नव्हती. प्रेमाशिवाय कोण इतकं टिकून खोटं बोलतं.

त्यानं कपाटातून जुने सदरे काढले. प्रियदर्शनीनं फडक्यांसाठी फाडलेले सोडून जे सापडले ते. उसवलेल्या शिवणीच्या जागी सुईची भोकं राहतात, ती ओळ पकडली तर मायनं मुळात किती आत शिवलं होतं ते कळेल, वर्षावर्षाला किती सरकत गेलं ते कळेल, असा त्याचा हिशेब. खिडकीशी नेऊन एकेक बगल उजेडात धरली. पण धुऊन धुऊन, निळीत बुडवून, इस्त्री फिरवून कापड पुन्हा मिळून आलं होतं. कुठं चार भोकं दिसायची, पुढं काहीच नाही. कोणता सदरा कोणत्या सालचा हेही सांगता येईना, सगळे पांढरे, सगळ्यांची पट्टी गोल. एकाच्या बगलेत त्याला दोन शिवणी दिसल्या, एक मायची, बारीक, दुसरी टेलरची, घाईची. पण त्या दोघींमधलं अंतर त्याच्या पोटाचं होतं की तिच्या विसरण्याचं, हे कसं ओळखायचं? हातातलं कापड घामानं ओलं झालं.

अमरावतीच्या डॉक्टरांनी तेच विचारलं. अनुपनं वेळ घेतली होती, शकुन अचलपूरहून आली, धर्मपाल रजा टाकून गेला. तिघं मायला मध्ये घेऊन बसले, जसं काही ती पळून जाणार होती. माय कडक पांढऱ्या लुगड्यात, हातात पिशवी, दवाखान्यातल्या पंख्याकडे बघत. तिला सांगितलं होतं, बीपी दाखवायला जायचं आहे. डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग होती, तरी माणूस घाईत वाटला नाही. त्यांनी तिला वार विचारला, तो तिनं चुकवला. गाव विचारलं, तिनं वलगाव सांगितलं, तेही एका परीनं खरंच होतं. मग धर्मपालकडे बोट करून विचारलं, ‘आजी, हे कोण?’

खोलीतल्या पंख्याचा आवाज धर्मपालला एकदम मोठा वाटला. माय त्याच्याकडे वळली. ती नजर अंगावरून फिरली, खांदे, छाती, पोट, आणि तो शाळकरी पोरासारखा आखडून बसला.

‘हा? हा माहा मोठा. धर्मपाल. आकोल्याले राह्यते.’

शकुननं सुस्कारा टाकला. धर्मपालला इतकं बरं वाटलं की त्याला त्याचीच कीव आली. एवढं नाव घेतलं तिनं, तर जणू सगळं परत मिळालं. तिला ओळखू येतो मी. बाकीचं जाऊ द्या, वार चुकला, गाव चुकलं, सदऱ्याचं माप चुकलं, पण मला ओळखते. ही एवढी गोष्ट राहिली तर त्याला आणखी काही नको होतं. डॉक्टर म्हणाले, ‘त्या काय काम करायच्या?’ शिवणकाम, अनुप म्हणाला. ‘मग कामात चुका कधीपासून व्हायला लागल्या? साधारण? हे महत्त्वाचं आहे, त्यावरून मला वेग कळेल.’

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. अनुप म्हणाला, या वर्षी. शकुन म्हणाली, नाही, माह्या ऑपरेशनच्या वेळी. धर्मपाल सांगणार काय? आम्ही साहेब दरवर्षी पुरावा उसवून टाकत होतो. डॉक्टरांनी थोडी वाट पाहिली, काहीतरी लिहिलं आणि गोळ्या सांगितल्या. उठता उठता म्हणाले, ‘एक करा. चुका झाकू नका. घरचे लोक झाकत राहतात, मग आम्हाला काही कळत नाही. आणि त्यांनाही नाही.’ साधंच वाक्य. ते असंच सगळ्यांना म्हणत असतील. पण धर्मपालच्या मनात ते जाऊन बसलं आणि घरी येईपर्यंत रिक्षात तो तेच घोळवत राहिला.

घरी आरतीचं वेगळंच होतं. तिनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं, गेल्या महिन्यात मशीनची सुई आईंच्या बोटातून आरपार गेली. त्यांनी सांगितलं नाही, कापडावर रक्त दिसलं म्हणून कळलं. ‘मशीन माडीवर नेऊन ठेवू म्हणते मी. तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा.’ अनुप म्हणाला, ‘मशीन नेली तं ती दिवसभर करीन काय? भिताडाकडे पाहीन?’ दोघांचंही बरोबर होतं. मधल्या खोलीत मायचं पायडल चालू होतं, कोणासाठी तरी काहीतरी शिवणं चालूच होतं. जयंती तोंडावर आलेली, आणि तिला वाटत होतं अजून कोणीतरी राहिलंय. धर्मपाल पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहिला. लहानपणी झोप लागायची ती याच आवाजात. आता त्या आवाजात त्याला सुई दिसत होती. त्याला आठवलं, वलगावात शेजारची एक म्हातारी वाकळा शिवायची, नजर गेली तरी शिवायची, टाके कुठल्या कुठं. तेव्हा माय म्हणाली होती, नजर गेली का मानसानं आपल्या हातानं कैची ठेवून द्यावं, दुसऱ्यानं हातातून घेऊ नये. हे आठवलं आणि त्याला वाट सापडल्यासारखं झालं. मशीन काढून घ्यायचं नाही. तिला खरं सांगायचं. आयुष्यात एकदा भिंतीशी उभं राहून म्हणायचं, नाही बसला माय. ती थोडा वेळ गप्प होईल, तिला लागेल, पण समजेल. तिला नेहमी समजतं. आणि मग ती स्वतःच्या हातानं कैची ठेवील. इतकी वर्षं दिलं नाही ते एवढं तरी तिला द्यावं. त्यानं हे कोणाला सांगितलं नाही. शकुननं अडवलं असतं.

जयंतीच्या सकाळी इर्विन चौकाकडून ढोलताशाचा आवाज येत होता, गल्लीत निळे झेंडे, पोरांनी रस्त्याच्या तोंडाशी शरबताचा माठ मांडलेला. घरातले सगळे पांढऱ्यात होते, उसवलेल्या, सैल केलेल्या, पांढऱ्यात. धर्मपाल मात्र बाजारातल्या साध्या शर्टात, आणि हातात घडी केलेला सदरा. माय मशीनपाशी स्टुलावर बसली होती, केस चोपून, चष्मा नाकावर, बोटाला पट्टी. खोलीत दोघंच होते. वंदनेला अवकाश होता, बाकीचे दारात रांगोळीपाशी. तिनं मान वर केली आणि शर्टाकडे बघितलं.

‘सदरा कावून नाही घातला?’

सगळी वाक्यं रात्रभर तयार केलेली, त्यातलं एकही सापडेना. तो तिच्यासमोर खाली बसणार होता, हात हातात घेणार होता. ते राहूनच गेलं, तो उभाच राहिला, भिंतीशी, जिथं दरवर्षी उभा राहायचा तिथं.

‘माय, हा नाही बसत मले.’

‘आं?’

‘लहान होते. आंगात जात नाही. याच्या आंदीचेबी नाही बसले, आमी उसवून घेत होतो सारे. तुले वाईट वाटन म्हणून सांगतलं नाही.’

मायनं हात पुढं केला. त्यानं सदरा दिला. तिनं तो मांडीवर उलगडला, खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं, बाही सरळ केली, बगल उलटी करून पाहिली, सगळं सावकाश, जाणकार माणसाच्या हातानं, आणि धर्मपालला वाटलं, समजलं, तिला समजलं. आता रडेल. मग तिनं मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. खांदे, छाती, पोट. पुन्हा खांदे. त्या नजरेत दुखावणं नव्हतं. ती एखाद्या गिऱ्हाइकाकडे बघावं तशी, नीट, निवांत बघत होती. इतक्या वर्षांत कोणी तिला चूक म्हटलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं सदरा चुकणं शक्य नव्हतं, मग जे चुकलं ते समोर उभं होतं.

‘सदरा बराबर हाय,’ ती म्हणाली, शांतपणे, थोडं समजावणीच्या सुरात. ‘हा धर्मपालचा हाय. तुमाले कसा येईन?’

धर्मपालनं तोंड उघडलं. मी धर्मपाल आहे, असं म्हणायचं होतं. हे वाक्य किती सोपं होतं. पण ते म्हटलं की ती पुन्हा सदऱ्याकडे बघणार, पुन्हा त्याच्याकडे बघणार, आणि तिला दोघांपैकी एकाला खोटं ठरवावं लागणार, हे त्याला दिसलं. दवाखान्यातलं ते नाव त्याच्या कानात होतं, हा माहा मोठा, चारच दिवसांपूर्वीचं. ते आता त्यानंच आपल्या हातानं घालवलं होतं. बाहेर कोणीतरी हसलं, शकुन बाहेरून बोलवत होती, चला, वंदनेले चला.

‘हुबे कावून?’ माय म्हणाली. ‘पानी घ्या. उन्हातून आले.’ तिनं मशीनवरचा आपला तांब्या पुढं सरकवला, सदऱ्याची घडी केली, पहिल्या घडीवर तंतोतंत, आणि मांडीवर ठेवली. ‘तुमी त्याच्या कालेजातले काय?’

धर्मपालनं तांब्या घेतला. पाणी कोमट होतं.

‘हो,’ तो म्हणाला.

‘मंग त्याले सांगजा. शनवारी येत नाही आजकाल, अभ्यास असन. म्हनावं सदरा तयार हाय, माय वाट पाहून राहिली.’

‘सांगतो,’ धर्मपाल म्हणाला.